हिरवा ठिपका

मस्कतमध्ये ऑगस्टात
थंड पाण्याचा नळ सोडला तरी हात पोळतो.
हे आधी सांगून ठेवते, पुढे लागेल.

सभा शुक्रवारी होती, रुवीतल्या हॉलमध्ये. समोसे होते.
विषय क्रमांक तीन : मदतनिधी.
वादी कबीरच्या कॅम्पात साठ माणसं,
चार महिने पगार नाही, मालक फोन उचलत नाही.
माणशी एक पिशवी :
तांदूळ पाच किलो, तूरडाळ, तेल, चहापत्ती,
वर मंडळाच्या नावाचं स्टिकर.

खानविलकर उठले.
द्यायला ना नाही, म्हणाले, पण आधी लघवी तपासा.
आपला घामाचा पैसा आहे,
कोण गोळ्या खातो, कोण काय ओढतो, आपल्याला काय ठाऊक.
‘तपासा’ असं म्हणाले,
की बाजारात नारळ कानाशी धरून हलवावा.

प्रभुदेसाई वहिनी म्हणाल्या,
ज्याच्या पोटात काही नाही त्याने का घाबरावं?
(त्यांना पोटात काही नाही
हे वेगळ्या अर्थाने म्हणायचं होतं.)
कुणी म्हणालं, आपण नव्हती का दिली, व्हिसाच्या वेळी?
मागून कुणी म्हणालं, ती नोकरीसाठी. भातासाठी नव्हे.
हे कोण बोललं, ते इतिवृत्तात नाही.
पेडणेकरांनी विचारलं, आणि एखादा सापडला तर?
कळवायचं पोलिसांना?
तेव्हा सगळ्यांनी एकदम आपापल्या चहात पाहिलं.

एकतीस हात वर. नऊ विरोधात. बाकीचे मोबाईलमध्ये.
माझ्या हातात समोशांचं ताट होतं.
खरंच होतं,
पण मी ते खाली ठेवू शकले असते.

लॅब माझी, म्हणून कप माझे.
कपाला बाहेरून एक पट्टी असते :
आतलं माणसाच्या अंगाइतकं गरम असेल
तर हिरवा ठिपका उमटतो.
फसवाफसवी नको म्हणून.

एकोणसाठ कप झाले. ठिपके उमटले,
काहींचे गडद, चहासारख्या लघवीमागे.
साठावा हुसैन नाखवे, हर्णैचा, शटरिंगवाला.
आत गेला, बराच वेळ गेला,
परत आला तो कप काठोकाठ घेऊन, नितळ.
पट्टी कोरी.
इतकं गरम, की कुठल्याच माणसाचं नव्हे.

चाचा, हे नळाचं आहे.
होय, म्हणाला.
का?
तो कपाकडे बघत राहिला, मग म्हणाला,
काल दुपारपासून उतरतच नाय, बाय.
टँकर चार दिवस आला नाय.
टाकीच्या तळाला जे होतं, ते तुला दिलं.
पिशवी चुकायला नको.

बाहेर रांग उरली नव्हती.
खानविलकरांची गाडी एसी चालू ठेवून उभी होती.
मी कप टेबलावर ठेवला आणि थांबले.
फुंकर मारली एकदा, दुधावर मारतात तशी.
नाखवे उभाच. त्याला वाटलं, मी शिक्षा ठरवतेय.
पाणी हळूहळू उतरत गेलं,
उतरता उतरता एका जागी
माणसाइतकं झालं.
ठिपका हिरवा.

मग कार्ड बुडवलं. पाचही रेघा आल्या.
पाण्याला कसलंच व्यसन नसतं.
नावापुढे लिहिलं : ठीक.
आणि माझी पर्समधली बाटली त्याला दिली,
अर्धी प्यायलेली. तीही गरमच होती.

पुढच्या सभेत अहवाल वाचला :
साठपैकी साठ स्वच्छ.
टाळ्या झाल्या. खानविलकर म्हणाले, बघा,
आता देणाऱ्यालाही समाधान.
मी उठून म्हटलं, पिशवीत पाणी घालायला हवं.
आणि टँकरचं कुणीतरी बघायला हवं.
अध्यक्ष म्हणाले, चांगली सूचना आहे,
आयत्या वेळच्या विषयांत घेऊ.

तिथवर पोहोचलो तेव्हा साडेनऊ वाजले होते
आणि हॉल रिकामा करायचा होता.